जुन्या इंजिनाचा दम आणि तेलाचा हिशेब



या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, शेती, आरोग्य अशा विषयांवर आपण पुष्कळ ऐकले आहे. त्या पंक्तीला आज ट्रकचे जुने इंजिन आणून बसविले, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. काळ्या तेलाने माखलेले हात घेऊन सभामंडपात यावे की नाही, असा संकोच आम्हांलाही वाटला. परंतु न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती शाळा-कॉलेजाबाहेरच्या माणसालाही चार गोष्टी ऐकायला मिळाव्यात म्हणूनच. आणि आपल्या गडहिंग्लजपुरते बोलायचे, तर इथला संसार चाकांवर चालतो. हंगामात कारखान्याकडे जाणारा ऊस, बाजारात उतरणारी मिरची आणि गूळ, आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून सावंतवाडीस आणि पुढे गोव्यास जाणारा माल, हे सारे कोणाच्या तरी इंजिनाच्या जिवावर हलते. त्या इंजिनाचा हिशेब चुकला तर एका गाडीचेच नव्हे, एका घराचे दिवस फिरतात. असे एक घर आम्ही जवळून पाहिले आहे, आणि त्या चुकीत आमचाच हात होता. ती हकीकत ओघाने येईलच.

प्रश्न दिसायला साधा आहे. जुनी गाडी गॅरेजात येते, इंजिन उतरवायचे ठरते, आणि मालक पहिला प्रश्न करतो, "मेस्त्री, पिकअप मिळेल न्हवं?" मेस्त्री मान डोलावतो न डोलावतो तोच दुसरा प्रश्न येतो, "आणि ॲव्हरेज?" पिकअप म्हणजे दम आणि ॲव्हरेज म्हणजे एका लिटरात पडणारे किलोमीटर. या दोघींना आपण सवती समजतो. एकीला लुगडे घेतले की दुसरी रुसलीच! आमचे आजचे म्हणणे एवढेच आहे, की या सवती नव्हेत. बऱ्याच वाटेपर्यंत त्या सख्ख्या बहिणी आहेत, एकीचे भले झाले की दुसरीचे आपोआप होते. पुढे एका ठिकाणी त्यांच्या वाटा फुटतात, हे खरे. ती जागा ओळखणे यातच जुने इंजिन नव्याने बांधणाराचे शहाणपण आहे.

थोडी मागची हकीकत सांगतो. एके काळी आपल्याकडच्या मालमोटारी बहुतेक पेट्रोलच्या असत. बेडफोर्ड, शेव्हरोले, डॉज, फार्गो ही नावे आपल्यांतल्या वृद्धांना आठवत असतील. १९५४ साली टेल्को कंपनीने जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेलचे ट्रक बांधावयास घेतले. १९६९ साली तो करार संपला, आणि गाडीच्या कपाळावरचा तीन टोकांचा तारा जाऊन तिथे टाटांचे अक्षर आले. पेट्रोलच्या जुन्या गाडीतून मूळ इंजिन काढून पर्किन्सचे डिझेल इंजिन बसविण्याची चालही त्याच काळातली. तेव्हाही मालकाचा सवाल हाच असे, की दम राहील ना आणि तेल वाचेल ना. पुढे टाटांची ६९२ व ६९७ ही इंजिने घरोघर ठाऊक झाली. या आकड्यांत इंजिनाची कुंडलीच आहे. पहिला आकडा सिलिंडरांचा आणि पुढचे दोन बोअरच्या मिलिमीटरांचे. म्हणजे ६९७ याचा अर्थ सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरांचा बोअर. पिस्टनची धाव १२८ मिलिमीटर. गुणाकार करून पाहाल तर सहा सिलिंडर मिळून ५,६७५ घनसेंटिमीटर, म्हणजे पावणेसहा लिटरांच्या आतबाहेर जागा भरते. आज जे बोलणार आहोत ते या इंजिनाला धरूनच.

आता मूळ मुद्दा. डिझेल इंजिनात शक्ती कशाने येते, असे विचारले तर कोणीही म्हणेल, डिझेलने. हे उत्तर अर्धेच आहे. घरातल्या मायबहिणींना उरलेले अर्धे आमच्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे. चुलीत सरपण कोंबले आणि फुंकणी घातली नाही, तर काय होते? घरभर धूर होतो, डोळ्यांना पाणी येते, आणि भाताला आधण मात्र येत नाही. इंजिनाचेही असेच आहे. ते हवा खाते आणि हवेच्या मानाने तेल जाळते. आमचे ६९७ मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांस एकदा छाती भरून श्वास घेते. वाटेतली तूट वजा जाता मिनिटाला सुमारे ४,८०० लिटर हवा आत जाते. तिचे वजन पाच किलोच्या आसपास. एक किलो डिझेल जळायला शास्त्राप्रमाणे साडेचौदा किलो हवा लागते. पण फवारा आणि हवा यांचे मिश्रण कधीच अगदी सारखे होत नाही, म्हणून धूर नको असेल तर जुन्या इंजिनात वीस किलोंच्या आसपास धरावी. तेव्हा पाच किलो हवेत पाव किलोच डिझेल नीट जळेल. म्हणजे मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर. त्यावर घातलेला प्रत्येक थेंब काळा होऊन सायलेन्सरमधून निघून जातो, आणि जाताना पिस्टनचे डोके तापवून जातो.

ज्यांच्या हाताखाली आम्ही काम शिकलो ते म्हातारे मेस्त्री शाळा फारशी शिकलेले नव्हते. हवा-तेलाचे हे प्रमाण त्यांना आकड्यांत सांगता आले नसते. पण कोणी पंप वाढवून मागितला की ते म्हणत, "आडात न्हाई ते पोहऱ्यात कुठनं येणार, बाबा?" सगळे शास्त्र त्या एका वाक्यात आले.

आता जुन्या इंजिनाचा आड कोरडा का पडतो ते पाहू. लाखो किलोमीटर धावून लायनर घासतात, रिंगा सैल होतात, आणि दाबलेली हवा पिस्टनच्या कडेने खाली निसटते. ब्रीदरच्या नळीतून धापा टाकल्यासारखी वाफ येऊ लागली, की समजावे, छाती फुटली. व्हॉल्व्ह आपल्या जागेत खोल बसतात आणि नीट मिटत नाहीत. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-सतरापट दाबली की ती पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा आपोआप पेटतो. दाब निसटला की हवा तेवढी तापत नाही, तेल उशिरा पेटते, अर्धवट जळते. नोझलचे म्हणाल, तर फवारा धुक्यासारखा पडायला हवा, तो थेंब गाळू लागतो. तेलाचा पंप सहा सिलिंडरांना सारखे तेल देईनासा होतो, एकाला जास्त, एकाला कमी. कुटुंबात एकाला तूपरोटी आणि एकाला शिळे तुकडे मिळू लागले तर भांडणे होतात, तशी इंजिनात थरथर होते. भरीला एअर फिल्टरमध्ये आपली तांबडी धूळ. गाडीचा दम गेला आणि ॲव्हरेजही गेले, ही तक्रार एकाच वेळी येते याचे कारण हे आहे. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले!

यातून चांगली बातमीही निघते. जो रोग दोहोंना एकदम खातो, त्याचे औषध दोहोंना एकदम गुण देते. लायनर-पिस्टन मापात बसविणे, रिंगांच्या फटी मोजून घेणे, व्हॉल्व्ह घासून योग्य उंचीवर बसविणे, हेडला नेमक्या जाडीचे गॅस्केट घालणे, नोझल यंत्रावर ठरल्या दाबाला उघडते की नाही पाहणे, पंप कॅलिब्रेट करणे आणि टायमिंग खुणेवर आणणे, या प्रत्येक कामाने दमही वाढतो आणि तेलही वाचते. इथे निवड करायची नसतेच. गॅस्केटची जाडी ही क्षुल्लक बाब वाटते, पण हातात आले ते जाड गॅस्केट घातले तर दाब उतरतो, आणि हेड फार घासून घेतले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याचे भय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर मारणारे आणि क्रँक घासणारे कसबी कारागीर आहेत. त्यांच्याकडून काम करून आणताना लिहून दिलेली मापे मागावीत आणि ती जपून ठेवावीत, एवढे आम्ही मालकांना आवर्जून सांगतो.

इथे एक भ्रम दूर केला पाहिजे. "बोअर मोठा मारून घेतला म्हणजे इंजिन ताकदवान होते," असे पुष्कळजण समजतात. हिशेब करू. ९७ चा बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढविला तर इंजिनाची जागा एक टक्क्याने वाढते. पुरा एक मिलिमीटर वाढविला तर दोन टक्क्यांनी. पूर्वी जिथे शंभर घोडे होते तिथे फार तर एकशे दोन झाले. बोअर मारल्यानंतर गाडी पळते ती या दोन घोड्यांमुळे नव्हे, गळती थांबली म्हणून पळते.

आता ती वाट फुटण्याची जागा. सारे काम नीट झाले, इंजिन निरोगी झाले, तरी मालकाचे मन भरत नाही. तेलाच्या पंपावर एक लहानसा स्क्रू असतो. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर जास्तीत जास्त किती तेल सोडायचे ते हा स्क्रू ठरवतो. कारखान्यात तो लावून त्याला सील करतात. ते सील तोडून स्क्रू अर्धा फेरा फिरविला की गाडीला लागलीच जोर आल्यासारखा वाटतो, आणि तो सगळाच भास नसतो. राखीव म्हणून ठेवलेली थोडी हवा वापरली जाऊन थोडी शक्ती खरोखरच वाढते. पण तेल वाढते त्या मानाने शक्ती वाढत नाही. पहिल्या थोड्या शक्तीसाठी थोडे तेल, पुढच्या तेवढ्याच शक्तीसाठी त्याहून अधिक, आणि त्यापुढे निव्वळ धूर. सावकाराच्या चढत्या व्याजासारखा हा व्यवहार आहे.

आता कबूल केलेली हकीकत सांगतो. आम्ही तेव्हा तरुण होतो, हाताला कसब आले होते आणि डोक्यात त्याहून अधिक वारे. एकच गाडी असलेला, स्वतःच ती चालविणारा एक गृहस्थ आमच्याकडे इंजिन बांधायला आला. कामाचा खर्च त्याने बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून उभा केला होता. काम चांगले झाले. गाडी नेताना तो म्हणाला, "मेस्त्री, घाटात गाडी दम सोडती. तेवढा पंप वाढवून द्या की." म्हातारे मेस्त्री नको म्हणाले. ते जेवायला घरी गेले तेव्हा आम्ही सील तोडले. गृहस्थ फार खूष झाला, आम्हांला चहा पाजला. दोन महिन्यांनी ऐन हंगामात, भरल्या गाडीनिशी घाट चढताना, इंजिनातून करकर आवाज आला आणि ते जागच्या जागी जाम झाले. उघडून पाहिले तर दोन पिस्टनांची डोकी जळलेली आणि लायनर ओरबाडलेले. जळत्या तेलाची उष्णता धातूला सोसली नव्हती. आम्ही दुसऱ्यांदा मजुरी घेतली नाही, परंतु त्याचा बुडालेला हंगाम आम्हांला भरून देता आला नाही. त्या पाटल्या सोडवायला त्याला तीन वर्षे लागली. म्हातारे मेस्त्री आम्हांला एका शब्दाने बोलले नाहीत. पंपाचे सील तेवढे त्यांनी पुन्हा स्वतःच्या हाताने घातले.

त्या दिवसापासून आम्ही घाटाचा हिशेब कागदावर मांडू लागलो. तो आपणांपुढे ठेवतो. सारी गाडी मालासकट सोळा टन धरू. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. कोकणच्या बाजूने घाट चढताना निव्वळ उंची साडेपाचशे मीटर धरू. सोळा टन वजन साडेपाचशे मीटर उचलायला लागते सुमारे २४ युनिट ऊर्जा. विजेच्या बिलात जे युनिट येते तेच हे. एक लिटर डिझेलमध्ये उष्णतेच्या रूपाने सुमारे दहा युनिटे असतात. त्यांतला मोठा वाटा सायलेन्सरमधून व रेडिएटरमधून निघून जातो, आणि चाकांपर्यंत पोचतात तीनच्या आसपास. म्हणजे वजन वर नेण्यालाच आठ लिटर लागले. इंजिन ऐंशी घोड्यांचे असो वा एकशे वीस घोड्यांचे, हे आठ लिटर कोणाला चुकत नाहीत. तो घाटाचा कर आहे.

मग जास्त शक्तीने काय मिळते? वेळ मिळतो. चाकांवर ऐंशी घोड्यांची शक्ती पोचत असेल तर ही चढण चोवीस मिनिटांत होईल. पंप वाढवून तीच शक्ती एक-पंचमांशाने वाढविली तर वीस मिनिटांत होईल. चार मिनिटे वाचली! त्या गृहस्थाच्या पाटल्या गेल्या त्या या चार मिनिटांपायी. आणि वरच्या अंगाला हवाही विरळ होते. दर शंभर मीटर उंचीमागे इंजिनाचा दम सुमारे एक टक्क्याने घटतो. तेव्हा समुद्रकाठी जेमतेम सोसणारा पंप घाटमाथ्यावर धूरच ओकणार.

कोणी म्हणेल, मग चढणीला गाडी रडतखडतच न्यायची काय? नव्हे. घाटातला दम इंजिनापेक्षा गिअरमध्ये अधिक असतो. खालचा गिअर टाकला की चाकावरची ओढ दुपटीने वाढते आणि त्याला एक पैसाही पडत नाही. वेळेवर गिअर न बदलता वरच्या गिअरमध्ये इंजिन कुंथवीत नेणारा ड्रायव्हर दमही मारतो आणि तेलही जाळतो. सपाटीवर याच्या उलट करावे. फेरे कमी ठेवावेत, वेग आवरावा. वेग साठाचा पंचाहत्तर केला तर हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. म्हणून इंजिन बांधायला घेण्यापूर्वी आम्ही मालकाला विचारतो, "पाव्हणं, गाडी कुठल्या रस्त्याला धावणार? भरून चढणार की रिकामी? डिफरेन्शियल कुठले आहे?" ऊस ओढणाऱ्या गाडीला सावकाश, जोरकस चाल हवी. गोव्याची लांब फेरी करणाऱ्या गाडीला मधल्या फेऱ्यांत तेल वाचविणारी चाल हवी. दोघांना एकच माप लावणे हे वैद्याने सगळ्या गावाला एकच काढा देण्यासारखे आहे.

वाचलेल्या तेलाची किंमत किती, तेही पाहू. एखादी गाडी वर्षाला चाळीस हजार किलोमीटर धावते आणि लिटरला चार किलोमीटर देते असे धरले, तर दहा हजार लिटर डिझेल लागते. तेच चाराचे साडेचार झाले तर अकराशे लिटर वाचतात. १९७३ च्या ऑक्टोबरात तेलाचा भडका उडाला आणि काही महिन्यांत जगाच्या बाजारात कच्चे तेल चौपटीला गेले, तेव्हा प्रथम आपल्याकडे लिटराचा हिशेब मनावर घेतला गेला. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलवरील सरकारी दरनियंत्रण उठले, तेव्हापासून तर बाजाराचा चढउतार थेट मालकाच्या खिशावर येतो. तरीही पुष्कळ मालक सकाळी पंपावर तेल भरतात आणि वहीत नोंद करीत नाहीत, याचा आम्हांस अचंबा वाटतो. ज्याने मोजले नाही त्याने वाचविले असे म्हणू नये.

मग आडात पाणीच वाढवले तर? टर्बोचार्जर म्हणजे तेच. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून आत हवा कोंबायची. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअराने १९०५ सालीच त्याचे पेटंट घेतले. कल्पना उत्तम आहे, आणि आजचे ट्रक तिच्यावरच चालतात. परंतु त्या इंजिनांचे पिस्टन, गॅस्केट, तेलाने पिस्टन थंड ठेवण्याची सोय, सारेच त्या बेताने केलेले असते. जुन्या इंजिनावर बाजारातून आणलेला टर्बो बांधून तेलही वाढविणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शर्यतीला जुंपणे होय. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत मनमानीने करता येत नाही.

आणि धुराची गोष्ट मालकापुरती राहात नाही. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली दिला. बाजारातल्या चौकात जी गाडी काळा लोट सोडून जाते, तिच्या मालकाचे तेल तर वाया गेलेच, पण शाळेतून परतणाऱ्या पोरांनी ते छातीत भरून घेतले. काळा धूर हा ताकदीचा झेंडा आहे असे ज्यांना वाटते, त्यांना आम्ही एवढेच सांगू, की तो तुमचाच न जळलेला पैसा आहे.

श्रोतेहो, आपणांपैकी ज्यांची गाडी आहे, ज्यांच्या भावाची वा जावयाची आहे, त्यांनी इंजिन बांधायला टाकताना मेस्त्रीला "पिकअप की ॲव्हरेज" असे विचारू नये. लायनरची मापे विचारावी, सहाही सिलिंडरांचा दाब सारखा आला का ते विचारावे, पंप कॅलिब्रेट केल्याचा कागद मागावा, आणि पंपाचे सील डोळ्यांनी पाहून गाडी बाहेर काढावी. एवढे झाले की इंजिनाला जेवढा दम देता येतो तेवढा ते देईल, आणि त्याला लागेल तेवढेच तेल खाईल. त्याहून जास्त दम हवाच असेल, तर तो कोणत्या रस्त्यासाठी, किती मिनिटांसाठी आणि कोणाच्या जिवावर, याचा हिशेब आधी कागदावर मांडावा.

त्या गृहस्थाचे इंजिन दुसऱ्यांदा बांधून दिले तेव्हा पहिल्याच फेरीनंतर तो येऊन म्हणाला, "मेस्त्री, गाडी जरा मऊ झाली." आम्ही काही उत्तर दिले नाही, त्याच्या हातात एक वही दिली. पुढे घाटाकडे जाताना तो गॅरेजाशी गाडी थांबवी, खाली न उतरता खिडकीतून ती वही दाखवी आणि पुढे जाई. पाटल्या सुटल्या त्या दिवशी मात्र तो खाली उतरला, आणि या वेळी त्याने म्हाताऱ्या मेस्त्रींना चहा पाजला.